मागे उरलेल्या बाईची कादंबरी

मी कादंबऱ्या वाचणारी बाई आहे. समीक्षक नाही, प्राध्यापक नाही. यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी बायकांच्या गटाचं काम करते आणि हाताला लागेल ती कादंबरी वाचते. आमच्या गटात दर पंधरा दिवसांनी एकीने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं असा प्रघात आहे. ऐकणाऱ्यांत कापूस वेचणाऱ्या आहेत, अंगणवाडीतल्या आहेत, शिवणकाम करणाऱ्या आहेत. पाच-सहा जणी अशा आहेत, की ज्यांच्या नवऱ्यांनी कर्जापायी जीव दिला. ह्या बायकांसोबत वाचलं की ओळखीची कादंबरीसुद्धा वेगळी दिसायला लागते. लेखकाने जिथे वाचकाच्या डोळ्यांत पाणी यावं अशी व्यवस्था केलेली असते तिथे ह्या चिडतात. आणि जिथे त्याने एका ओळीत बाईला उरकून टाकलेलं असतं, नेमक्या तिथे त्या हात वर करून म्हणतात, थांबा, पुढे तिचं काय झालं?

ह्या चर्चांमधून बनलेलं माझं मत स्पष्टच मांडते. आपल्या ऐतिहासिक कादंबरीला नवऱ्यामागे मरणारी बाई आवडते आणि आजच्या बऱ्याच सामाजिक कादंबऱ्यांना नवऱ्यापायी झिजणारी. नवरा गेल्यावर जगणारी, शेत करणारी, तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवणारी, दिरा-भासऱ्यांशी हिश्शासाठी भांडणारी बाई मात्र दोन्हीकडे अभावानेच भेटते. जिल्ह्यात अशा बायका गावोगावी आहेत. मग कादंबरीत त्या का नाहीत?

सुरुवात तर तिच्यापासूनच झाली होती

गंमत अशी, की मराठी कादंबरीचा आरंभच मुळी विधवेच्या प्रश्नापासून झाला. १८५६ साली विधवाविवाहाला कायद्याने मान्यता मिळाली आणि पुढच्याच वर्षी, १८५७ मध्ये, बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ छापली गेली. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतलं जातं. विधवांच्या स्थितीचं निरूपण करणं हा तिचा हेतू तिच्या लांबलचक शीर्षकातच सांगितलेला आहे. पदमनजी ख्रिस्ती झालेले होते, त्यांना धर्मप्रचारही करायचा होता, हे खरंच आहे. पण यमुना गावोगाव फिरते आणि विधवांची दुःखं डोळ्यांनी पाहते, त्यांच्या तोंडून ऐकते. आपण चळवळीत ज्याला पाहणी म्हणतो, जवळजवळ तसंच ते आहे.

पुढे १८९० मध्ये हरि नारायण आपट्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो!’ क्रमशः लिहिली. यमू आपली कहाणी आपणच सांगते. नवरा गेल्यावर तिचं जबरीने केशवपन होतं, तो भाग आमच्या गटात वाचला तेव्हा कुणी हुंदका दिला नाही. सगळ्या गप्प बसल्या. मग एक जण म्हणाली, “केस नाही कापत आता, पण हळदी-कुंकवाले बोलावत बी नाही.” त्या एका वाक्यात एकशेतीस वर्षांतली सुधारणा आणि तिची मर्यादा दोन्ही आलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं ह्या प्रथा बंद करण्याचा ठराव २०२२ साली करावा लागला, ह्याचा अर्थच असा की यमूची गोष्ट अजून संपलेली नाही.

आता ह्याच हरिभाऊंनी ‘उषःकाल’ आणि ‘गड आला पण सिंह गेला’ लिहिल्या. त्याआधी १८७१ मध्ये गुंजीकरांच्या ‘मोचनगड’ने ऐतिहासिक कादंबरीची वाट पाडली होतीच. म्हणजे मराठी कादंबरीच्या दोन वाटा एकाच काळात, कधी कधी एकाच लेखणीतून निघाल्या. एक वाड्याच्या माजघरात शिरणारी, दुसरी गडावर चढणारी. वाचकांनी दोन्ही डोक्यावर घेतल्या. पण बक्षीस-समारंभात वाटायला, लग्नात अहेर करायला, घरातल्या काचेच्या कपाटात मांडायला दुसरी वाट जास्त सोयीची ठरली. तिच्यात कुणाच्याच घरच्या गोष्टीला हात लागत नाही.

चिता आणि गादी

रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ साली आली. तिला १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तिच्यावर दूरदर्शनची मालिका झाली. मराठी घरांत ‘स्वामी’ माहीत नाही असं माणूस विरळा. थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला गेले. वय सत्तावीस. रमाबाई त्यांच्यामागे सती गेल्या. हा इतिहास आहे आणि तो बदला असं मी म्हणणार नाही. माझा आक्षेप तो प्रसंग कसा सांगितला जातो ह्याला आहे. कादंबरी अशी रचली आहे, की रमाबाईंचं जळणं हा त्या संसाराचा सुंदर शेवट वाटावा. पानोपानी त्यांचं हळवं प्रेम पाहिलेला वाचक शेवटी मनोमन त्या चितेला हात जोडतो. भाषा सुंदर आहे, म्हणून तर काळजी वाटते.

आमच्या गटात हा भाग वाचून झाल्यावर एक पन्नाशीची बाई म्हणाली, “तिले कोनी इचारलं काय, तुले जगाचं हाये का मराचं?” ‘स्वामी’बद्दल मी बरंच वाचलं-ऐकलं आहे, पण इतका सरळ प्रश्न दुसऱ्या कुणी विचारलेला मला आठवत नाही. तिच्या शेजारची म्हणाली, “मेली म्हणून देवी झाली. जगली असती त आनंदीबाई झाली असती.”

हे दुसरं वाक्य तर इतिहासाच्या तासाला फळ्यावर लिहावं असं आहे. त्याच घराण्यातल्या आनंदीबाई नवऱ्याच्या बरोबरीने कारभारात बोलत होत्या. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला. रामशास्त्र्यांनी दोषी ठरवलं ते राघोबादादांना. पण लोकांच्या तोंडी ‘ध’चा ‘मा’ करणारी म्हणून राहिली ती बाई. मरणारी रमा आणि बोलणारी आनंदी असे दोन साचे आपल्या मनात पक्के बसले आहेत, आणि ते बसवण्यात बखरींच्या इतकाच कादंबऱ्यांचाही हात आहे.

कुणी म्हणेल, त्या काळात बाईपुढे दुसरा मार्गच कुठे होता? होता. तो मार्ग धरणाऱ्या बायका नुसत्या जगल्या नाहीत, त्यांनी राज्यं सांभाळली. शहाजीराजे १६६४ साली गेले. जिजाबाई त्यांच्यामागे सती गेल्या नाहीत, दहा वर्षांनी लेकाचा राज्याभिषेक पाहून मगच त्यांनी डोळे मिटले. राजाराम १७०० साली गेले. ताराबाई सती गेल्या नाहीत, पुढची सात वर्षं औरंगजेबाशी लढा चालवला. खंडेराव होळकर १७५४ मध्ये कुंभेरीला पडले. अहिल्याबाईंना सासऱ्यांनी चितेवर जाऊ दिलं नाही, म्हणून माळव्याला तो कारभार मिळाला. ह्याच अहिल्याबाईंची मुलगी मुक्ताबाई १७९१ मध्ये सती गेली, आणि एवढी थोर राज्यकर्ती आई असूनही तिला थांबवू शकली नाही. ह्या आई-लेकींच्या त्या एका दिवसात केवढी मोठी कादंबरी आहे!

आणि येसूबाई? शिवाजी सावंतांच्या ‘छावा’ कादंबरीवर २०२५ साली हिंदी चित्रपट निघाला. आमच्याकडची तरुण पोरं गटागटाने पाहून आली आणि रडून आली. त्यांना मी विचारलं, “येसूबाईंचं पुढे काय झालं?” एकालाही सांगता आलं नाही. संभाजीराजांच्या हत्येनंतर १६८९ मध्ये रायगड पडला, येसूबाई लहानग्या शाहूसह मोगलांच्या कैदेत गेल्या. शाहू १७०७ मध्ये सुटले. येसूबाई सुटल्या १७१९ मध्ये. तीस वर्षं! छावण्यांमागून फरफटत, परक्या मुलखात, लेकराला वाढवत, नंतर लेकराशिवाय. संभाजीराजांच्या हालांचे चाळीस दिवस आपल्याला पाठ आहेत, ते असावेतही. पण ह्या बाईची तीस वर्षं आपण एका ओळीत सांगून मोकळे होतो. नवरा गेला की बाईची गोष्ट संपली, हा हिशेब लेखकांनी इतिहासातून घेतलेला नाही. तो आपल्याच घरातून तिथे नेला आहे.

हे सगळं जुनं झालं असं कुणी समजू नये. १९८७ च्या ४ सप्टेंबरला राजस्थानात देवराला गावी अठरा वर्षांच्या रूपकुंवरला नवऱ्याच्या चितेवर जाळलं गेलं. देशभरातल्या स्त्री-संघटना रस्त्यावर उतरल्या, त्याच वर्षी सतीविरोधी कायदा झाला आणि सतीचं उदात्तीकरण हा गुन्हा ठरला. त्या उदात्तीकरणाच्या खटल्यातले आठ जण २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये जयपूरच्या न्यायालयातून निर्दोष सुटले. मी ‘स्वामी’वर बंदी घाला असं म्हणत नाही. पुस्तकांवरची बंदी शेवटी आपल्याच पुस्तकांवर येते. मी एवढंच म्हणते, की शेवटची पानं वाचून झाल्यावर पुस्तक मिटून डोळे पुसू नका. आमच्या गटातल्या बाईचा प्रश्न विचारा.

‘सह’ ह्या शब्दात किती माणसं?

आता आपल्या जिल्ह्याकडे येते. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी वर्धा जिल्ह्यात पवनारजवळ पत्नी मालती आणि चार मुलांसह जीवनयात्रा संपवली. राज्यातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून तिचा उल्लेख होतो. दर वर्षी १९ मार्चला अनेक जण त्या आठवणीत एक दिवस अन्नत्याग करतात. शेतीच्या धोरणांनी माणसं कशी मारली जातात हे सांगण्यासाठी ही आठवण जागी ठेवलीच पाहिजे. त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

पण ‘पत्नी आणि मुलांसह’ ह्यातल्या ‘सह’ ह्या शब्दापाशी मी दर वेळी अडखळते. ‘सह’ म्हणताना आपण सहा जणांचा एक निर्णय धरून चालतो. चार लेकरांनी तो निर्णय घेतला नव्हता, हे सांगायला नकोच. मालतीबाईंच्या मनात काय होतं? त्यांना कुणी विचारलं होतं का? हा प्रश्न साहेबरावांना दोष देण्यासाठी नाही, त्यांच्या कर्जाचं ओझं कमी लेखण्यासाठी तर नाहीच. पण थेऊरची ती चिता आणि पवनारची ती रात्र ह्या दोन्हींत कुटुंबप्रमुखाच्या मरणात बाईचं मरण आपोआप मोजलं जातं. इतिहासकाराला, पत्रकाराला त्यापलीकडे जाता येणार नाही, कारण पुरावा नाही. कादंबरीकाराला मात्र जाता येतं. कादंबरी असते ती कशाला? जिथे नोंद संपते तिथे माणसाच्या मनात शिरायला. हे काम आपल्या कादंबरीने केलेलं मला तरी भेटलेलं नाही.

आणि ज्या मागे उरतात त्यांचं काय? तेरवी होईपर्यंत घर भरलेलं असतं. मग प्रकरण पात्र की अपात्र ह्याची फाइल फिरते. पात्र ठरलं तर २००६ च्या निर्णयाप्रमाणे एक लाख रुपये, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. सातबारा सासऱ्याच्या नावावर, कर्ज नवऱ्याच्या नावावर, आणि राबणं बाईच्या नावावर. जन्मभर निंदण-वेचणी करूनही तिचं नाव सातबाऱ्यावर नसेल तर ती कागदावर शेतकरी ठरत नाही. रात्री ओलिताला गेली तर गावाची नजर, दुकानातून बियाणं उधार मागितलं तर दुकानदाराची नजर. ह्यातल्या एकेका गोष्टीत कादंबरीचं एकेक प्रकरण आहे.

संमेलन आमच्या गावी आलं तेव्हा

यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दोनदा झालं. १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते. २०१९ च्या जानेवारीत ब्याण्णवावं संमेलन झालं, अध्यक्ष अरुणा ढेरे. ते उद्घाटनावरून गाजलं. इंग्रजीतल्या ज्येष्ठ कादंबरीकार नयनतारा सहगल यांना बोलावलं गेलं आणि ऐनवेळी त्यांचं निमंत्रण मागे घेतलं गेलं. मराठी संमेलनाला इंग्रजी लेखिका कशाला, अशी हाकाटी झाली. खरं कारण त्यांचं भाषण असणार असं पुष्कळांना वाटलं. २०१५ साली त्यांनी साहित्य अकादमी पुरस्कार परत केला होता, आणि त्या गप्प बसणाऱ्यांतल्या नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं.

ह्या गदारोळात त्यांच्या कादंबऱ्यांविषयी मात्र फार थोडे बोलले. त्यांचे वडील रणजित सीताराम पंडित मराठी घराण्यातले, कल्हणाची ‘राजतरंगिणी’ इंग्रजीत आणणारे. सहगल यांची १९८५ ची ‘रिच लाइक अस’ ही कादंबरी आणीबाणीतल्या दिल्लीची आहे. सोनाली नावाची सनदी अधिकारी सत्तेपुढे वाकत नाही म्हणून बाजूला फेकली जाते. त्या रिकाम्या दिवसांत तिच्या हाती आजोबांनी लिहून ठेवलेले कागद लागतात. त्यांच्या आईला सती म्हणून कसं जाळलं गेलं ते त्यांत असतं. आता ‘स्वामी’ आणि ही कादंबरी शेजारी ठेवून पाहा. तिथे सती म्हणजे प्रेमाची परिसीमा. इथे तोच प्रसंग मुलाच्या डोळ्यांनी दिसतो आणि त्याचं नाव खून असं होतं. त्याहून पुढचं म्हणजे, घरातल्या त्या जुलमाचा आणि १९७५ च्या राजकीय जुलमाचा धागा एकच आहे हे लेखिका दाखवते. गप्प बसणाऱ्या सज्जनांच्या जोरावर दोन्ही चालतात. ज्या लेखिकेने हे लिहिलं तिला मराठी मंचावर येऊ दिलं नाही, ही आपली लाज आहे. इंग्रजी येत नसेल तर तिचं मराठीत आणून वाचायला हवं होतं. परकी म्हणून दूर लोटायला नको होतं.

मग उद्घाटन केलं ते कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. शेतकरी कुटुंबातली, नवऱ्याच्या आत्महत्येनंतर एकटीने उभी राहिलेली बाई. ‘तेरवं’ ह्या नाटकात त्यांनी काम केलं होतं, पुढे त्याच वर्षी लोकसभेची निवडणूकही लढवली. एका बाईचा अपमान झाकायला दुसरीला पुढे केलं, असं तेव्हा काहींनी म्हटलं. ते अगदीच खोटं नाही. पण त्यामुळे वैशालीताईंच्या उभं राहण्याचं मोल कमी होत नाही. सभामंडपातल्या लेखकांसमोर ती बाई ठामपणे बोलली. १८५७ साली विधवेची दशा सांगायला मराठी कादंबरी निघाली होती. २०१९ साली तीच बाई पुस्तकातून उठून मंचावर आली आणि स्वतः बोलली. अडचण एवढीच, की मंचावर तिला काही मिनिटं मिळाली. पुस्तकात तिला तीनशे पानं मिळायला हवीत.

कौतिक आणि अलका

वऱ्हाड-विदर्भाने मराठी कादंबरीला दिलेली सगळ्यांत मोठी बाई कोण, असं मला कुणी विचारलं तर मी क्षणात सांगेन, उद्धव शेळक्यांची कौतिक. ‘धग’ १९६० ची. ‘स्वामी’च्या दोन वर्षं आधीची, पण घरोघरच्या कपाटात तिला तशी जागा मिळाली नाही. कौतिक शिंप्याच्या घरची. नवरा महादेव बेभरवशाचा, पुढे आजारी. मजुरी करून, उपास काढून, माणसांचे बोल खाऊन ती घर उभं धरते आणि तरी ते तिच्या हातून निसटत जातं. शेळक्यांनी तिला देवी केलं नाही. ती भांडते, शिव्या देते, हट्ट करते, चुकतेसुद्धा. आणि बोलते ती आमच्याच बोलीत. गटात वाचताना पहिल्या दहा पानांतच एक जण म्हणाली, “हे त माही मायच हाय.” एका पुरुष लेखकाला हे जमलं, म्हणजे बाईच्या मनात शिरायला बाईचाच जन्म लागतो असं नाही. तिच्या कष्टाकडे नीट पाहावं मात्र लागतं.

सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ २००२ मध्ये आली, तिला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिकलेला, नोकरी न मिळालेला एकनाथ, कर्ज, पाऊस, बाजारभाव हे सगळं इतकं खरं आहे की वाचताना छाती दडपते. शेतीच्या नाशाची एवढी प्रामाणिक कादंबरी मराठीत थोडी सापडेल. पण तिच्यातल्या अलकेवरून आमच्या गटात मोठा वाद झाला. एकनाथची ही बायको शेवटी माहेरी निघून जाते. बऱ्याच वाचकांची सहानुभूती एकनाथकडे राहते, कारण कादंबरी त्याच्या खांद्यावरून पाहते. आमच्यातल्या तरुण मुली मात्र अलकेच्या बाजूने होत्या. तिला लग्नाआधी काय सांगितलं होतं? तिने तिथे राहून काय करायला हवं होतं? जुन्या बायका म्हणाल्या, आम्ही राहिलोच ना. त्यावर एकीने विचारलं, “राहून काय झालं?” कुणाकडेच उत्तर नव्हतं. चांगली कादंबरी असा वाद पेटवते, म्हणून मी ‘बारोमास’ला चांगलीच म्हणेन. पण अलकेच्या खांद्यावरून पाहणारी दुसरी ‘बारोमास’ कुणीतरी लिहायला हवी.

बायकांनी लिहिलेलं कुठे गेलं?

बायकांनी लिहिलंच नाही असं नाही. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आल्यावर ही विभावरी शिरूरकर कोण म्हणून महाराष्ट्र खवळला होता. त्याच मालती बेडेकरांनी पुढे सोलापूरच्या गुन्हेगार जमातींच्या वसाहतीतल्या अनुभवावर १९५० मध्ये ‘बळी’ लिहिली. आमच्याकडे पारध्यांच्या बेड्यावर आजही पोलिस पहिली धाड घालतात, म्हणून ती मला जुनी वाटत नाही. वाशीमला १९०७ साली जन्मलेल्या गीता साने यांनी १९३६ पासून ‘निखळलेली हिरकणी’, ‘वठलेला वृक्ष’ अशा एकामागून एक कादंबऱ्यांत लग्नसंस्थेला रोखठोक प्रश्न विचारले. आपल्या शेजारच्या जिल्ह्यातली ही बाई, आणि आमच्या भागातल्या एका वाचनालयात मी तिचं नाव सांगितलं तर ग्रंथपालांनी मला ते दोनदा उच्चारायला लावलं. अमरावतीच्या कुसुमावती देशपांडे यांनी मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा इतिहास लिहिला आणि १९६१ मध्ये ग्वाल्हेरला त्या संमेलनाच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. १८७८ पासून २०२५ पर्यंतच्या अठ्ठ्याण्णव संमेलनांत बायका अध्यक्ष झाल्या फक्त सहा.

अलीकडच्यांत गौरी देशपांडे मला आवडतात. त्यांच्या बायका स्वतःचा निर्णय स्वतः घेतात. पण त्यांचं जग आमच्या बायकांना फार दूरचं वाटतं, हेही नोंदवते. नांदेडच्या कविता महाजन यांची २००५ ची ‘ब्र’ मात्र सगळ्यांना जवळची वाटली. आदिवासी भागातल्या सरपंच बायका, कोऱ्या कागदावर घेतलेल्या सह्या, खुर्चीत बाई आणि कारभारी नवरा. “हे आपल्याच ग्रामपंचायतीचं हाय,” असं म्हणत बायका हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या. कविता महाजन २०१८ मध्ये फार लवकर गेल्या.

दलित बायकांनी आपलं जगणं बहुतेक आत्मकथनांत मांडलं. बेबी कांबळे, शांताबाई कांबळे, कुमुद पावडे, ऊर्मिला पवार ह्यांची पुस्तकं आमच्या गटाला कुठल्याही कादंबरीहून जास्त पटली. आत्मकथनात बाई ‘मी’ म्हणते, तिथे कुणी तिच्यासाठी शेवट ठरवू शकत नाही, हे त्याचं कारण असावं.

“कादंबरी म्हणजे तुमच्या मोर्चाचं पत्रक नव्हे,” असं मला एका साहित्यिक गृहस्थांनी ऐकवलं होतं. कबूल. पत्रकात घोषणा असते, कादंबरीत माणूस असतो. पण मग बाई तेवढी का घोषणा होते? सती म्हणजे त्याग, आई म्हणजे माया, सोडून गेलेली म्हणजे स्वार्थ, अशी पत्रकं तर तीनशे-तीनशे पानांची निघतच आहेत. झरी-जामणीच्या कोलाम पोडांवरच्या कुमारी मातांच्या बातम्या येतात आणि जातात. त्या मुलींना ‘समस्या’ म्हणून सगळे ओळखतात, नावानिशी माणूस म्हणून कुणी ओळखत नाही. दारूबंदीसाठी ‘स्वामिनी’च्या झेंड्याखाली जिल्हाभरच्या बायका चालत आल्या. त्यातल्या प्रत्येकीने त्या दिवशी घरी काय सांगितलं, परत गेल्यावर काय ऐकलं? आम्ही मागतो ते एवढंच, की बाईलाही कादंबरीतलं माणूसपण द्या.

मैत्रिणींनो, मग आपण काय करायचं?

पहिलं म्हणजे, वाचन सोडायचं नाही आणि एकटीने वाचायचं नाही. गटात मोठ्याने वाचा. ज्यांना अक्षर येत नाही त्यांना आधी बोलू द्या. ऐतिहासिक कादंबरी टाकून देऊ नका, पण तिला तीन प्रश्न विचारा. ह्या बाईला कुणी विचारलं का? नवरा गेल्यावर तिची पानं संपली का? आणि जमीन, दागिना, गादी कुणाच्या हाती गेली? हे तीन प्रश्न आजच्या कादंबरीलाही तसेच लागू पडतात.

दुसरं, वाचनालयात जाऊन मागणी नोंदवा. १९६७ च्या कायद्याखाली आपली वाचनालयं शासनाचं अनुदान घेतात, म्हणजे तो पैसा आपलाही आहे. ‘धग’, ‘ब्र’, ‘बळी’ नसतील तर लेखी मागा. गीता साने मागा. पुस्तक नाही असं उत्तर आलं तरी वहीत मागणी राहते, आणि दहा जणींनी मागितलं की कुणाला तरी ते आणावं लागतं.

तिसरं सगळ्यांत महत्त्वाचं. लिहा. प्रमाणभाषेची भीती बाळगू नका, कौतिक वऱ्हाडीत बोलली म्हणून काही लहान झाली नाही. कादंबरी एकदम होत नाही. तेरवीनंतरचा पहिला दिवस लिहा. तलाठ्याकडे नाव लावायला गेल्याचा दिवस लिहा. पहिल्यांदा स्वतःच्या नावाने कापूस विकून चुकारा हातात घेतल्याचा दिवस लिहा. जिला लिहिता येत नाही तिचं दुसरीने उतरवून घ्यावं, तिच्याच शब्दांत, आणि वाचून दाखवून तिची संमती घ्यावी. आमच्या गटात असं सुरू झालं आहे. आतापर्यंत दोन वह्या भरल्या. त्यात शुद्धलेखन नाही, पण खोटं एक अक्षर नाही. ह्या वह्यांतून उद्या कुणी कादंबरी लिहिली तर ती लिहिणारी आमच्यातलीच असावी अशी माझी इच्छा आहे. बाहेरचं कुणी लिहिणार असेल तर त्याने आधी येऊन आमच्यात बसावं आणि ऐकावं.

तुमच्या भागात कोणत्या कादंबऱ्या वाचल्या जातात, कोणत्या बायका तुम्हाला त्यांत भेटल्या आणि कोणत्या भेटल्या नाहीत, ते ह्या अंकाच्या पत्त्यावर जरूर कळवा. माझ्याशी मतभेद असेल तर तोही कळवा. ‘स्वामी’वर प्रेम करणाऱ्या मैत्रिणी पुष्कळ आहेत हे मला माहीत आहे. त्यांच्याशी वाद घालायला मला आवडेल.